कंपनीचं बोलावणं

गोमाजीच्या ओमने ती लाल गाडी गावाकडे आणली तेव्हा ती आमच्या वाडीत चढलीच नाही. तिचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर, आणि वाडीचा रस्ता म्हणजे दर पावसाळ्यात नव्याने उकरला जाणारा ओहोळ. पहिल्याच धोंड्यावर ती खर्रकन घासली. ओम उतरला, वाकून पाहिलं, आणि गाडी मागे घेऊन कशेडी घाटाच्या पायथ्याशी, हायवेलगत असलेल्या माझ्या गोठ्यात लावली. माझी शेवटची म्हैस त्याआधीच गेली होती. गोठा मोकळाच होता. म्हटलं, राहू दे.

ओमची आई येसूबाई आरतीचं ताट घेऊन खाली आली. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "हिला दारं दोनच? मागच्या माणसांनी चढायचं कुठनं?"

"मागं माणसं बसत नायत गो आये. दोघांचीच गाडी ही."

"एवढी लांबडी नि दोघांची? त्यापरीस आपलं डालगं बरं. आठ कोंबड्या मावतात."

ओम हसला. त्याची बायको सोनालीही पदर तोंडाला लावून हसली. गोमाजी मात्र हसला नाही. तो गाडीच्या दारावर हात फिरवत उभा होता. म्हशीच्या पाठीवर फिरवावा तसा.

ओम मुंबईला चेंबूरमध्ये एका शेठकडे ड्रायव्हर होता. शेठच्या मुलाने तरुणपणी हौसेने ती जपानी गाडी दुबईहून मागवली. थोडी उडवली आणि तो अमेरिकेला निघून गेला. गाडी वर्षानुवर्षं कापडाखाली उभी. ओम तेवढा तिला पुसायचा, चालू करून ठेवायचा. पुढे शेठही मुलाकडे निघाला. जुनी गाडी, पार्ट इथे मिळत नाहीत, घेणार कोण? शेठने चावी ओमच्या हातावर ठेवली आणि कागद त्याच्या नावावर करून दिले.

ओमने डोकं चालवलं. गाडीचं छप्पर मागे दुमडायचं. दुमडलं की मागच्या काठावर नवरा-नवरीला बसवता यायचं. आमच्याकडे वराती निघायच्या त्या जीपमधून नाहीतर ट्रॅक्टरवरून. लाल उघडी गाडी, पुढे बँड, वर नवरा-नवरी, असं पोलादपूरच्या बाजारपेठेतून एकदा गेलं आणि मग महाडपासून वरंधपर्यंत जो तो तीच गाडी मागू लागला. ओमने मुंबई सोडली ती कायमची.

गोमाजीला याचा किती आनंद झाला हे सांगायचं तर त्याचं मागचं थोडं सांगावं लागेल. तो मुंबईला गिरणीत होता. संप झाला, सगळे गावी आले. मग गोमाजी गेटवर चौकशीला गेला. तिथल्या बाबूने सांगितलं, "गाव सांगून ठेव. परत बोलावू." गोमाजी गाव सांगून आला. त्याची गिरणी पुढे बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, चिमणीही पाडली म्हणे. पण पोस्टमन वाडीकडे वळला की गोमाजी अंगणात येऊन उभा राहायचा. कितीतरी वर्षं. पुढे तो बाहेर यायचा थांबला, पण पोस्टमनची सायकल वाजली की हातातला विळा थांबायचा. मी शेजारी, मी पाहिलंय. ओमची गाडी आल्यावर ते गेलं. माणूस हसू-बोलू लागला. वरात असली की स्वतः गाडी पुसायचा, आणि ओम येण्याआधी आत बसून एकदा हॉर्न वाजवायचा. त्या गाडीचा हॉर्न दोन सुरांत वाजायचा. वाडीतली कुत्रीही ओळखायची.

आमच्या वाडीत मोबाईलची रेंज नाही. वरच्या अंगाला एक कातळ आहे, त्यावर ऐनाचं झाड. त्या ऐनाखाली उभं राहिलं तरच फोन लागतो. एका मार्गशीर्षात ओम तिथून शेठच्या मुलाशी बोलत होता. बोलणं संपल्यावर त्याने वरूनच सोनालीला हाक मारली, "अगो, ऐकलंस काऽ? कंपनीनं गाडी परत बोलावलीय!"

सोनालीने काय ऐकलं कोण जाणे. गोमाजीने मात्र बरोबर ऐकलं. ओम कातळ उतरून येईपर्यंत गोमाजी माझ्या गोठ्यात होता. मी पाहतो तर हा पेंढ्याचे भारे ओढून गाडीवर टाकतोय.

"काय रे हे, गोमाजी?"

"इचारायला आले तर सांग, गाडी नाय. मुंबैला गेली म्हणून सांग."

"कोण येतंय?"

"कंपनी. गाडी परत मागतात." त्याला धाप लागली होती. "देऊन झाल्यावर परत मागतात होय रे? ही कुठली रीत?"

ओम आला आणि पेंढ्यातून गाडीचे दिवे शोधत पोट धरून हसला. मग बापाला खाली बसवून त्याने समजावलं. गाडी न्यायला कोणी येणार नव्हतं. गाडीत एक खोट निघाली होती. गाडी कुठे आदळली की स्टेअरिंगमधून एक पिशवी फट्कन फुगून बाहेर येते, माणसाची छाती, तोंड आपटू नये म्हणून. एअरबॅग. ती फुगवायला आत लोखंडाची डबी असते, डबीत फटाक्यात असते तसली दारू. त्या सालच्या गाड्यांत ती दारू दमट हवेने बिघडते, आणि मग पिशवी फुगायच्या ऐवजी डबीच फुटते. लोखंडाचे तुकडे सरळ चालवणाऱ्याच्या गळ्यात. म्हणून कंपनीने तसल्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या होत्या. बोलावून, पिशवी बदलून, परत देणार. फुकट. शेठच्या मुलाने कंपनीच्या इंटरनेटवर नंबर घालून पाहिला होता. ओमची गाडी त्यात होती.

"दमट हवेनं?" मी म्हटलं. "मग आपल्याकडं काय, हवा कमी नि पाणीच जास्त."

"राखणीला ठेवलेलं कुत्रंच चावरं निघालं की," येसूबाई म्हणाली.

गोमाजी हळूहळू पेंढा काढत होता. त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे कंपनी आपणहून बोलावते? गाडीला?"

"हो, आबा."

"बघ," तो मला म्हणाला.

महाडचा मुरारी मिस्त्री गाडी बघायला आला. आमच्याकडच्या गाड्यांचं सगळं तोच करतो. त्याची एक रीत आहे, इकडच्या सगळ्याच गॅरेजवाल्यांची आहे. नवा पार्ट बसवला की जुना पेपरात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. जुना हातात आला म्हणजे नवा बसला, हीच खात्री. ओमच्या गाडीचे असे जुने पार्ट गोमाजी घरात भिंतीला खिळे ठोकून टांगायचा. एक तुटका पट्टा, दोन काळे प्लग. पाहुण्यांना दाखवायचा.

मुरारीने स्टेअरिंगकडे पाहिलं, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाला, "मी हात नाय लावायचा. माझ्या तोंडावर फुटली तर? मला दोन पोरी हायत. नि काढून फेकलीस तर कंपनी नवी द्यायची नाय. त्यांना जुनी जागेवर लागते."

"मग करू काय?"

"कंपनीकडं जा. आणि हॉर्न कुठं हाय बघितलास? बरोब्बर तिच्या टाळक्यावर. रोज तू तिच्या टाळक्यात बुक्की घालतोस."

"त्यानं फुटते?"

"त्यानं नाय फुटायची. आदळल्याशिवाय नाय फुटत," मुरारी म्हणाला. पण म्हणताना तो दोन पावलं मागे सरकला. त्या दिवसापासून ओमचा हात हॉर्नवर गेला नाही.

कंपनीचं वर्कशॉप पनवेलच्या अलीकडे. ओम एसटीने जाऊन आला. तिथल्या साहेबाने गाडीचा नंबर, पत्ता, फोन नंबर लिहून घेतला. पिशवी मागवावी लागेल म्हणाला. तोवर गाडी चालवू नका. पार्ट आला की बोलावू.

ओमने घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. "पार्ट आला की बोलावू" हे ऐकून येसूबाईचा हात भाकरी थापताना थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला वाटलं, हा आता उठून म्हणेल, बोलावू म्हणणारे बोलवत नायत, मला विचारा. पण गोमाजीचा चेहरा उजळला होता.

"म्हणाले ना बोलावू? मग झालं तर," तो म्हणाला.

ज्याने एकदा इतकी वर्षं वाट पाहिली त्याला दुसरं काही येत नाही, असं मला आता वाटतं. ज्याचं चाक त्याच्याच चाकोरीत जातं.

वैशाखातल्या वराती ओमने सोडून दिल्या. लोक आधी चिडले, मग हसले. दुसरी गाडी बघून मोकळे झाले. पावसाळ्याआधी ओम खाणीवर डंपर चालवायला लागला. दगडाची धूळ खाऊन यायचा, खोकायचा. एकदा डंपर चालवताना त्याच्या फोनवर अनोळखी नंबर वाजून गेला. परत लावला तर लागेना. तो वर्कशॉपचाच असणार, असं गोमाजीने घेतलं. "कंपनी हापिसच्या टायमात बोलावते. तू डंपरवर. फोन माझ्याकडं ठेव."

तेव्हापासून गोमाजी कातळावर बसायला लागला. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून ऐनाच्या फांदीला सुतळीने टांगायचा आणि खाली घोंगडी टाकून बसायचा. पावसात इरलं घेऊन बसला. फोन कसा घ्यायचा हे सोनालीने शिकवलं होतं, हिरवं बटण. येसूबाई भाकरी घेऊन वर जायची आणि ओरडून परत यायची. "तवा गिरणीसाठी अंगणात उभा होतास, आता गाडीसाठी कातळावर. घरात बसायचा योगच नाय तुझ्या पत्रिकेत."

"तवा पत्र यायचं होतं," तो म्हणायचा. "आता फोन हाय. फोन हुकत नाय."

ओम अधूनमधून त्याच कातळावरून वर्कशॉपला फोन करी. उत्तर ठरलेलं. अजून आला नाही. आला की बोलावू. दसऱ्याला गाडी धुतली, झेंडू घातला. नारळ फोडून झाल्यावर गोमाजीने सवयीने आत हात घातला, आणि हॉर्नच्या वर तो हात तसाच थांबला. मग मागे घेतला.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी गोठ्याशी लाकडं फोडत होतो. गोमाजी वरून धावत आला. डोक्याला मुंडासं नाही, पायात वहाण एकच.

"कुशा! आलं! बोलावणं आलं!"

"कुणाचं?"

"कंपनीचं रे! बाई होती. हिंदीत बोलली. गिरणीतले साहेब बोलायचे तसं. 'कंपनी की ओर से' म्हणाली. पयलं म्हणाली, 'बधाई हो.' मग कायतरी दाबा म्हणाली. मी काय दाबू? मी म्हटलं, येतो बाय, येतो, उद्याच येतो. ती बोलतच होती. लय बोलली. मी सगळ्याला हो म्हटलं."

त्याचे डोळे भरले होते. मी कुऱ्हाड खाली ठेवली.

ओम खाणीवरून आल्यावर त्याने फोन हातात घेऊन नंबर पाहिला. "हा वर्कशॉपचा नंबर नाय, आबा. आणि बधाई कशाची?"

"आपला नंबर लागला ना!"

"एकदा फोन करून इचार," मी म्हटलं.

गोमाजी माझ्यावर ओरडला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर ओरडल्याचं मला आठवत नाही. "बोलावल्यावर परत इचारायचं नसतं! त्यांना वाटतं, ह्याला गरज नाय. दुसऱ्याला लावतात. गिरणीत पायलंय मी."

ओमने सोनालीकडे पाहिलं. सोनाली हळूच म्हणाली, "जाऊन तर या. इथं तरी काय होतंय?"

गोमाजी स्वतः यायला तयार झाला नाही. "बोलावणं गाडीला हाय. मला बघून गेट लावून घेतील," असं म्हणाला. हसत म्हणाला, पण आला नाही. म्हणून मी गेलो. निघताना त्याने ओमला बजावलं, "जुनी पिशवी मागून घे. इसरू नको. मी खिळा ठोकून ठेवतो."

तो प्रवास मी विसरणार नाही. ओम सीट मागे सरकवून, मागे रेलून, हात ताठ करून चालवत होता. कढत पाण्याचा हंडा अंगापासून लांब धरावा तसं स्टेअरिंग धरलं होतं. हॉर्न वाजवायचा नाही. वळणावर समोरून ट्रक आला की मी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन दारावर थापा मारत होतो, "होऽ होऽ" करून ओरडत होतो. लोक बघून हसत होते. महाडच्या अलीकडे म्हशींचा कळप आडवा आला, तेव्हा मी उतरून तो हाकला. जन्मभर म्हशी राखल्या, त्या दिवशी कामाला आलं.

"काका, तुमचा आवाज हॉर्नपेक्षा मोठा हाय," ओम म्हणाला.

"म्हशी ऐकतात. ट्रकवाले नाय ऐकत."

पुढच्या कोणी ब्रेक मारला, लाल दिवे लागले, की ओमची मान आपोआप बाजूला वळायची. त्याला ते कळत नव्हतं. मला दिसत होतं.

वर्कशॉप काचेचं होतं. आत गारवा. टेबलामागे वैदेही नावाची मुलगी होती, छातीवर नावाची पट्टी. तिने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. ओमने गाडीचा नंबर सांगितला. तिने बराच वेळ काँप्युटरमध्ये पाहिलं.

"तुम्हाला कोणी बोलावलं?"

"काल फोन आला तुमच्याकडनं. बाईमाणसाचा."

"फोन मीच करते, दादा. मी नाही केला."

"पार्ट आला असंल..."

तिने आजूबाजूला पाहिलं, मग आवाज खाली आणला. "हे बघा, तुमची गाडी यादीत आहे, खरं आहे. पण ही यादी तिकडे विकलेल्या गाड्यांची. ही गाडी आम्ही इथे विकलीच नाही. इथल्या ऑफिसकडे तिची नोंदच नाही. तिच्यासाठी पार्ट इथे मागवलेलाच नाही."

"मागवला नाय?"

"नाही."

"मग दर वेळी 'बोलावू' का म्हणायचात, ताई? माझा बाप पावसात इरलं घेऊन बसलाय."

तिचा चेहरा पडला. वाईट मुलगी नव्हती ती. "गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, असं आम्हाला शिकवलंय," ती म्हणाली. "सॉरी, दादा."

"तिकडं पाठवली तर? दुबईला?"

"गाडी कशी पाठवणार तुम्ही?" ती म्हणाली.

आम्ही बाहेर आलो. गाडी उन्हात उभी होती. ओमने दार उघडलं तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने नंबर पाहिला, कानाला लावला, ऐकलं, आणि फोन माझ्या कानाला लावला.

"बधाई हो!" बाई म्हणाली. मागे गाणं वाजत होतं. "मोबाईल कंपनी की ओर से आपके लिए खास तोहफा! अपने चाहनेवालों को सुनाइए मनपसंद हॅलो ट्यून. गाना चुनने के लिए एक दबाइए..."

मी म्हटलं, "अगो बाय, ऐक." ती थांबली नाही. भरून ठेवलेला आवाज होता तो. त्याला गोमाजी 'येतो, येतो' म्हणाला होता.

आम्ही परत निघालो. माणगाव गेलं. महाडच्या पुलापाशी त्याने गाडी कडेला घेतली. खाली सावित्रीचं पाणी उतरलेलं, खडक उघडे पडलेले. तो स्टेअरिंगच्या मधल्या भागाकडे बघत होता. मग त्याने तळहात उचलून जोरात हॉर्न दाबला. मी दोन्ही हात तोंडावर घेतले. दोन सुरांचा तो आवाज नदीवरून जाऊन परत आला. बाकी काही झालं नाही.

"बघा," ओम म्हणाला. "काय नाय झालं."

"ओम, असं करू नको रे."

"आबाला सांगायचं, काम झालं."

"खोटं?"

"तुम्ही सांगाल त्याला खरं? सांगा, की कंपनीनं गाडीला पण नाय बोलावलं? जा. सांगा."

मी खाली खडकांकडे पाहिलं.

"डंपरवर खोकून मरायचं, नायतर हिच्यावर," तो म्हणाला. "हिच्यावर निदान नवरा-नवरी असतात. बँड असतो." आणि हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

"काढून टाक ती पिशवी. मुंबईला कोणीतरी काढंल."

"मुरारी नाय म्हणाला तिथं दुसरा कोण हात लावील? आणि लावला, नि स्टेअरिंग फुटलं तर ते कुठनं आणू? त्याचा पण पार्ट नाय, काका." मग गाडी चालू करून म्हणाला, "वाडीत वळायच्या वळणावर हॉर्न वाजवतो. आबा ऐकील."

त्याने वाजवला. गोठ्याशी पोचतो तो गोमाजी, येसूबाई, सोनाली तिघंही खाली उभी. हॉर्न ऐकूनच गोमाजीला सगळं कळलं होतं. त्याने गाडीच्या पुढच्या पत्र्यावर डोकं टेकवलं, आणि मग ओमसमोर हात पसरला.

"जुनी दे."

ओम क्षणभर गोंधळला. "ती... ती त्यांनी ठेवून घेतली, आबा."

"ठेवून घेतली?"

"नियम हाय त्यांचा."

गोमाजीचा हात तसाच पसरलेला राहिला. मग त्याने तो धोतराला पुसला. "बरोबर हाय," तो म्हणाला. "खोटी वस्तू ती. बाहेर कशी देतील? ठेवून घेतात कंपनीवाले. माणूस सोडतात, वस्तू नाय सोडत." आणि मोठ्याने हसला.

सोनाली माझ्याकडे बघत होती. मुरारीच्या गॅरेजात तीही गेलेली होती. जुना हातात आला म्हणजे नवा बसला, हे तिलाही माहीत होतं. मी गव्हाणीकडे पाहिलं. तिने सासूच्या हातातलं ताट घेऊन ओमला ओवाळलं. ज्योत त्याच्या तोंडाच्या फार जवळ जाऊ नये म्हणून ती मागे झाली.

दुसऱ्या दिवशी गोमाजीने कातळावर जाऊन सुतळी सोडली, घोंगडी झटकून आणली. वाडीत ज्याला त्याला सांगत फिरला. "मला नाय बोलावलं, पण माझ्या गाडीला बोलावलं. एवढ्या लांबनं, जपानातनं." लोक म्हणाले, नशीब लागतं.

तुळशीचं लग्न झालं आणि वराती परत सुरू झाल्या. पहिली सव गावाला होती. गोमाजीने मलाही नेलं, जीपमध्ये बसवून. ओम निघायच्या आधी सोनाली गोठ्यात आली. तिने वाकून सीटखालचा खटका ओढला आणि सीट मागे ढकलली, आणखी मागे, पार शेवटपर्यंत. ओमने तिच्याकडे पाहिलं. ती बाहेर गेली.

सवला बँड चांगला होता. मागच्या काठावर नवरा-नवरी, आजूबाजूला पोरं नाचतायत, पुढे सगळ्यांच्या पुढे गोमाजी, नवा फेटा बांधून, जणू वरात त्याचीच. मध्येच वळून म्हणाला, "काय रे, तू नवरदेव काय? मागं रेलून बसलास तो!" लोक हसले. ओमही हसला. त्याचे हात ताठ होते, हनुवटी वर उचललेली.

"हॉर्न वाजव की!" कोणीतरी ओरडलं.

"वाजव रे, वाजव!" गोमाजी म्हणाला. "भ्यायचं नाय आता. नवी पिशवी हाय!"

ओमने वाजवला. पोरांनी आरोळी ठोकली. पुन्हा वाजवायला लावलं, पुन्हा वाजवला. प्रत्येक वेळी माझे डोळे आपोआप मिटत होते. मुरारी म्हणाला होता, त्याने नाही फुटत, आदळल्यावर फुटते. मला ते पाठ आहे. तरी मिटत होते.

अजून चाललंय तसंच. दुपारी किंवा संध्याकाळी, वरातीहून येताना ओम वाडीच्या वळणावर हॉर्न वाजवतो. बापाने सांगून ठेवलंय. हायवेला ट्रकांची रांग असते, घाटातून उतरताना त्यांचे ब्रेक किंचाळतात, आणि प्रत्येक किंचाळीला सोनाली हातातलं काम तसंच धरून उभी राहते. मग ते दोन सूर ऐकू येतात. गोमाजी ओसरीवरून म्हणतो, "आला." ती पुन्हा कामाला लागते.

घरात पट्ट्याच्या आणि प्लगच्या शेजारी तो खिळा आहे. त्याला काही टांगलेलं नाही. पाहुणे विचारतात, हा रिकामा कशाला? गोमाजी सांगतो, "त्याच्यावरचं कंपनीनं ठेवून घेतलं."